काचेसारखे पाणी आणि त्यातला नायट्रोजन

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला महालातल्या घरी आलो असताना मी काकांना मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर आम्ही ज्या छोट्या गावात राहतो, तेथील सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टाकीचे ते होते. काका चष्मा वर सारून म्हणाले, "पाणी तं काचेसारखं दिसून राह्यलं बाबू, मग अजून काय काढता त्यातनं?"

ते केंद्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. घाण म्हणजे डोळ्यांना दिसणारी किंवा नाकाला जाणवणारी, एवढीच माझी समजूत होती. परंतु आमचे पाणी ज्या चेसापीक खाडीत जाते, तिला नितळ पाण्यात विरघळलेला नायट्रोजनही मारक ठरतो. ही खाडी विस्ताराने प्रचंड असली तरी तिची सरासरी खोली जेमतेम २१ फूट आहे आणि सहा राज्यांतील नदीनाल्यांचे पाणी तिच्यात येते. नायट्रोजन आणि फॉस्फरसवर शेवाळ माजते, पाण्याखालच्या गवतापर्यंत ऊन पोहोचत नाही, आणि मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू इतका ओढून घेते की उन्हाळ्यात खोल पाण्यात निळ्या खेकड्यांना तग धरणे कठीण होते.

म्हणून केंद्रात जिवाणूंकडून दोन टप्प्यांत काम करून घेतात. एका टाकीत खालून हवा सोडलेली असते. तेथे सांडपाण्यातल्या अमोनियाचे, म्हणजे नायट्रोजनच्याच एका रूपाचे, नायट्रेट होते. दुसऱ्या टाकीत मुद्दामच हवा देत नाहीत. मोकळा प्राणवायू न मिळाल्याने तेथील जिवाणू तो नायट्रेटमधून हिसकावून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. या कामासाठी त्यांना पुरेसे खाद्य लागते. सांडपाण्यातले कमी पडले तर मिथेनॉल किंवा ग्लिसरीन पुरवावे लागते. ऑपरेटरने काचेच्या मोजपात्रात तपकिरी, गाळमिश्रित पाणी भरून अर्धा तास ठेवले. गाळ किती आणि कसा बसतो, यावरून टाकीची प्रकृती कळते. तिचा वास विचाराल, तर ओल्या मातीसारखा! थंडी वाढली की अमोनियावर जगणारे जिवाणू सुस्तावतात, आणि जोराच्या पावसात जुन्या भूमिगत नळांच्या भेगांतून पाणी शिरले की टाकीतला गाळच वाहून जाण्याची धास्ती असते. सर्वात अवघड दिवस कोणते, असे विचारल्यावर ऑपरेटरने ताबडतोब पावसाचेच नाव घेतले.

राज्याने मोठ्या केंद्रांसाठी ठेवलेले उद्दिष्ट एका लिटरमागे ३ मिलिग्रॅम नायट्रोजनचे आहे. दिवसाला पाच लाख गॅलन, म्हणजे सुमारे १९ लाख लिटर क्षमता असली की केंद्र मोठे समजले जाते, आणि आमचे त्या रेषेच्या जेमतेम वर आहे. नागपूरच्या भांडेवाडी सांडपाणी केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, हे काका अभिमानाने सांगतात. तेथल्या १३० एमएलडीपुढे, म्हणजे दिवसाच्या १३ कोटी लिटरपुढे, आमचे केंद्र खेळण्यासारखे आहे.

"आपल्याकडं समुद्रच कुठं आहे?" काकांनी विचारले. मी नकाशा उघडला. घराजवळून वाहणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. मग गोसीखुर्दचे धरण, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. काकांचे बोट गोसीखुर्दवर बराच वेळ थांबले, कारण तेथील पाण्यावर पसरणारी जलपर्णी त्यांनी स्वतः पाहिली आहे. नायट्रोजन तिचेही खाद्यच आहे.

खर्चाचे विचारल्यावर मी सांगितले की मेरीलँडने २००४ साली यासाठी वेगळा आकार सुरू केला, २०१२ साली तो बहुतेक घरांसाठी दुप्पट करून वर्षाला ६० डॉलर केला आणि लोक त्याला 'फ्लश टॅक्स' म्हणतात. काकांनी मनातल्या मनात रुपये मोजले. "पाच हजारांच्या वर! संडासाचा टॅक्स! मग सेप्टिक टँकवाल्यांना तं माफ असंल?"

त्यांनाही भरावा लागतो, असे मी म्हणालो. टाकीतून जमिनीत झिरपलेला नायट्रोजनही भूजलाच्या वाटेने खाडीतच येतो.