तुम्ही विचारलेत म्हणून: बेशुद्ध माणसाशी बोलता कशाला?

मी वाशीत आयसीयूमध्ये नर्स आहे हे कळले की पेशंटचे नातेवाईक काय, आमचे शेजारी काय, सगळे हेच विचारतात. ज्याला काही कळत नाही त्याच्याशी बोलण्यापेक्षा तो वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावा, असेही सुचवतात. पण वेगळा वेळ लागतच नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, सक्शन करायचे असते. तेव्हाच "काका, कफ काढते, ठसका लागेल" एवढे सांगायचे. शिवाय व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक माणूस बेशुद्ध नसतो. श्वासाची नळी स्वरतंतूंमधून जाते म्हणून आवाज फुटत नाही. पेशंट किती शुद्धीवर आहे हे डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन मोजणाऱ्या, 1974 पासून वापरात असलेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्येही अशा पेशंटच्या बोलण्यापुढे आम्ही 'टी' लिहितो. त्याचा अर्थ नळी आहे एवढाच.

तुर्भ्याच्या भाजी बाजारातले एक माथाडी काका न्यूमोनियाने आमच्याकडे होते. नळी ओढतात म्हणून हात पट्ट्यांनी कॉटला बांधलेले. एका रात्री ते इतके तळमळू लागले की झोपेच्या औषधाचा डोस वाढवायचे ठरत होते. ऑक्सिजन ठीक होता, लघवीची नळीही कुठे दुमडलेली नव्हती. मी त्यांचा हात धरला आणि "हो असेल तर दाबा" म्हणत एकेक विचारत गेले. दुखतेय? नाही. गुदमरतेय? नाही. कामावर जायचेय? त्यांनी माझी बोटे अशी आवळली की अंगठी रुतली. आमच्याकडे दिवे रात्रभर जळतात. त्यांना उजाडलेय असे वाटत होते, आणि बाजार तर पहाटेच भरतो. रात्र आहे, मुकादमाला कळवले आहे, काकू बाहेर बाकावर आहेत, असे पुन्हा पुन्हा सांगितल्यावर श्वास हळूहळू संथ झाला. डोस वाढवावा लागला नाही.

पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि काका गेले. "शेवटी काही बोलले का हो, सिस्टर?" असे काकूंनी विचारले, तेव्हा मी त्यांना बाजाराचे सांगितले. त्या म्हणाल्या, "खाडा कधी केलाच नाही त्यांनी," आणि मग खूप रडल्या.

शिकत असताना मला हे बोलणे पुस्तकी वाटे. आधी बीपी, आधी औषधे, असे मी म्हणत असे. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीला मी आजही पुरते खोटे ठरवू शकत नाही. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा निकष आहे, पण पुष्कळ रात्री माझ्याकडे दोघे असतात, आणि तेव्हा औषधेच आधी होतात.