रब रेल अपडेट: चट्ट्यांचं कारण सापडलं एकदाचं

सापडलं भाऊ! रब रेल म्हणजे होडीच्या काठाची ठोकर झेलणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. त्यातल्या डाव्या बाजूच्या पट्टीवर किती दिवसांचा बफ मारून राहिलो होतो, एक वीत चकाचक आणि पुढची वीत दुधाळ. हिरवा लस्टर (पॉलिशची वडी) झाला, पांढरा झाला, सिसल व्हील (काथ्यासारख्या धाग्यांचं बफाचं चाक) झालं, कापडी झालं, ४००-८००-१२०० वॉटर पेपर झाला, चट्टे जिथल्या तिथं. त्यात आमच्याकडचं व्होल्टेज, दुपारी ग्राइंडर नुसता कण्हते.

गावातले मोटर वाइंडिंगवाले दादा सहज आले, पट्टी पाहिली अन् म्हणे, "याच्यावर कोटिंग असंल जी, मीटर लावून पाहा." मल्टिमीटर बीपवर ठेवला, म्हणजे करंट गेला की वाजते, अन् काड्या हलक्या हातानं टेकवल्या. चकाचक जागी टींईई, दुधाळ जागी चूप! म्हणजे पट्टी अ‍ॅनोडाइज्ड आहे, वर करंट न जाऊ देणारा थर आहे, आणि घाटाले घासून घासून जिथं थर गेला तिथंच चमक येऊन राहिली होती. हा थर रंगासारखा वरून मारलेला नसते, आम्लात करंट देऊन त्याच अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड केलेलं असते, म्हणजे घासपेपरांवर जो खरखरीत रवा येते त्याच्याच जातीचं. मग लस्टर काय करणार बिचारा.

तर आता थर उतरवायला कॉस्टिक सोडा. शेतातल्या पाइपलाइनचा ४ इंची पीव्हीसीचा तुकडा उभा चिरला, दोन्ही टोकं बंद केली, झाली टाकी. लिटरला ५० ग्रॅम सोडा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, लय गरम होते. चष्मा, रबरी हातमोजे, उघड्यावर, अन् बिडीवाल्यांना दूर ठेवा, बुडबुडे हायड्रोजनचे असतात. आधी नुसत्या उघड्या जागा फसफसतात, मग सगळीकडे सारखं फसफसलं की लगेच काढायचं. पट्टी काळीकुट्ट निघते, घाबरू नका, मिश्रधातूतलं तांबं-सिलिकॉन-लोखंड सोड्यात विरघळत नाही ते वर राहते. पातळ नायट्रिक अ‍ॅसिडचा बोळा फिरवला (सोनाराकडून थोडं मिळालं) की साफ. नंतर मीटर टोकापासून टोकापर्यंत टीं. त्या दिवशी जेवण गोड लागलं बाप्पा.

स्क्रूबद्दल एक सांगतो. एसएस म्हणून ज्या दुकानातून घेतले तिथले चुंबकाले टप्पकन चिकटले, वर गंजाचे ओघळ. ३०४ नंबरचं स्टेनलेस असं चिकटत नाही, फार तर जरासा ओढते. खिशात चुंबक ठेवूनच दुकानात जा, अन् प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचं वायसर, नाहीतर दोन धातूंच्या जोडाशी पांढरी भुकटी ठरलेलीच.

पितळी क्लीट (होडीचा दोर अडकवायचे) मात्र आयते झाले. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये नाग नदीचं नागपूरचं सांडपाणी कन्हानमधून उतरते, पितळ काळं पडणारच. भंडाऱ्याचे पितळवाले हयात असताना आपण कशाले घासायचं? दिले नेऊन, सोन्यासारखे आणले.

पट्टीवर टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचं पारदर्शक कोटिंग) मारायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच वाटून राहिलं की कशाले? कोळ्यांचे डोंगे येऊन टेकणार, क्लिअरवर एक ओरखडा पडला की तिथून पापुद्रे सुटणार. त्यापेक्षा आरसा फिनिशच नको, स्कॉच-ब्राइटनं लांबीच्या दिशेनं सॅटिन (मंद चमक) काढतो आणि वर मेण. खारं पाणी नाही, तेवढं पुरे, अन् ओरखडा पडला तर घाटावरच दोन हात मारता येतात. डाव्या पट्टीची पुन्हा बफ मारून आणलेली चमक मोडायची म्हणजे जीवावर येते, पण उजवी सॅटिन अन् डावी आरसा हे दिसणार नाही बरं.

राहिला नाकाजवळचा वाकडा तुकडा. पाइपमध्ये बसत नाही, अन् होडीवर ठेवून सोडा लावला तर जेलकोट (होडीचा वरचा गुळगुळीत थर) खराब होईल, म्हणून काढावाच लागते. त्याले कॉस्टिकमध्ये मैदा कालवून खळ करायची, लेप द्यायचा, वरून पन्नी गुंडाळायची असं डोक्यात आहे. आधी भंगारातल्या खिडकीच्या चॅनलवर करून पाहतो. कोणी लेप लावला असंल तर किती वेळ ठेवला तेवढं सांगा.