दुपारी का नाही सोडलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. म्हणजे तुम्ही एकट्यानेच विचारलंय असं नाही. कळव्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, भाचीच्या हळदीला विचारलं, रक्त तपासायला गेलो तर सुई टोचणाऱ्या पोरानेही विचारलं. हा माणूस धरणावर नोकरीला होता हे कळलं की जुलैतला प्रश्न ठरलेला: "साहेब, पाऊस येणार हे माहीत असतं, मग पाणी आधीच का नाही सोडत?" मे महिन्यात त्याच लिफ्टमध्ये तोच माणूस म्हणतो, "एवढा पाऊस पडला होता, मग आता कपात कशाला?" चौथा मजला येईपर्यंत या दोन्हींचं उत्तर सांगून होत नाही.

आधी जे आमच्या माथी उगाच मारलं जातं ते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. आजही कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, बारवी धरणाचं पाणी सोडलं म्हणून. अहो, बारवी नदी उल्हास नदीला मिळते ती बदलापूरच्या खाली. वांगणी बदलापूरच्याही वर. पाणी काय घाट चढून गेलं? आणि बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी ७२.६० मीटरला पोहोचली की आपोआप उघडतात. तिथे रात्री कोणी चाक फिरवत बसलेला नसतो. बदलापूरच्या वर मुख्य उल्हासवर पूर अडवून धरेल असं मोठं धरणच नाही. जे नाही त्याचे दरवाजे कोण उघडणार?

हे मी फार जोरात सांगतो, माझ्याही लक्षात आलंय. कारण माझ्या धरणाचे दरवाजे आपोआप उघडत नव्हते.

कुठलं धरण ते लिहीत नाही, त्यात माझ्याशिवाय आणखी माणसं आहेत. शहराला पिण्याचं पाणी देणारं, वक्राकार दरवाज्यांचं. अशा धरणात पुरासाठी वेगळी जागा सहसा राखलेली नसते. पाऊस चार महिने, नळ बारा महिने, म्हणून पावसाळा संपताना ते काठोकाठ असलं पाहिजे, एवढाच हिशेब. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याची परिचालन सूची असते, पण वरून येणारा प्रत्येक फोन एकच विचारतो: किती टक्के भरलं?

एका वर्षी ऑगस्टअखेर वेधशाळेचा इशारा बघून मी दोन दिवस पाणी सोडायला लावलं. पाऊस आला नाही. सप्टेंबरही कोरडा गेला आणि धरण काही टक्के कमी राहिलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अडीच पानी उत्तर दिलं. पुढे काही झालं नाही, पण ती अडीच पानं माझ्या अंगात बसली.

दोन वर्षांनी जुलैचा शेवटचा आठवडा. धरण ९१ टक्के. दुपारी दोनला अतिवृष्टीचा इशारा आला. विसर्ग सुरू करावा अशी टिपणी मी लिहून ठेवली आणि वर फोन केला. "थांब जरा, संध्याकाळचा येवा बघू," असं उत्तर मिळालं. येवा म्हणजे धरणात येणारं पाणी. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. टिपणी खणात गेली. मी चहा घेतला.

रात्री अकरानंतर पाणलोटात जे कोसळायला लागलं ते थांबेना. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला की एक कोटी घनमीटर पाणी होतं. ते दहा तासांत आलं तर सरासरी दहा हजार क्युसेकच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट. आमचं पाणलोट याहून मोठं होतं आणि पाऊसही जास्त होता. पावणेदोनला सगळे दरवाजे उचलायला सुरुवात केली. त्याआधी भोंगा वाजवला, तहसील कार्यालयाला कळवलं, खालच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. "माणसं वर काढतो," एवढंच म्हणाले. माणसं काढली. नदीकाठचा एक गोठा राहिला.

तिसऱ्या दिवशी गेलो. गोठ्यात गुडघाभर गाळ. एका खुंट्याला नायलॉनचं दावं तसंच होतं, ओढून ओढून तारेसारखं झालेलं, गाठ दगडासारखी आवळलेली. सात म्हशी होत्या. पोलीस पाटील माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पाणी तुम्ही सोडणारच होतात. मग दुपारी का नाही सोडलंत? उजेडात आम्ही दावी सोडली असती."

अहवालात "जीवितहानी निरंक" हे मी माझ्या हाताने लिहिलं.

नंतर मी हिशेब केला, बऱ्याच वेळा केला. दुपारपासून आठ तास ३,००० क्युसेक सोडलं असतं तर साधारण २५ लाख घनमीटर जागा झाली असती. त्या रात्रीच्या पाण्यापुढे ती काहीच नाही. पूर आलाच असता. हा हिशेब बरोबर आहे, अजूनही कोणालाही दाखवीन. फक्त त्यात दुपारच्या पाण्याने सावध झालेला गोठेवाला कुठे मांडायचा ते मला जमत नाही.

कोणी फारच वाद घातला की मी चेन्नईचं उदाहरण द्यायचो. चेंबरमबाक्कम, पिण्याच्या पाण्याचाच तलाव. डिसेंबर २०१५ मध्ये त्यातून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि अड्यार नदीकाठचं शहर बुडालं. जून २०१९ मध्ये तोच तलाव कोरडा पडला आणि चेन्नईत टँकरसाठी रांगा लागल्या. बघा, म्हणायचो, लवकर सोडा म्हणणं किती सोपं असतं. आता हेच उदाहरण उलटं वाचतो. ऐन पुरात एवढं सोडावं लागलं, म्हणजे आधी कोणीतरी "थांब जरा" म्हणालं असणार. पण लगेच ती अडीच पानंही आठवतात. इशारे तेव्हा खरंच बेभरवशाचे होते, हे खोटं नाही. सोयीचंही होतं.

माझ्या जागेवर आता एक तरुण शाखा अभियंता आहे. गेल्या जुलैत त्याचा फोन आला. "सर, ८८ टक्के आहे, उद्या रेड अलर्ट आहे. काय करू?"

मी विचारलं, "किती वाजलेत?"

"पावणेचार."

"अजून तीन तास उजेड आहे," म्हणालो. सोडा, असं मात्र म्हणालो नाही.