पहिला आठवडा गोळीविना

‘वॉर थंडर’ या ऑनलाइन विमानयुद्धाच्या खेळात माझ्याकडे शिकायला येणारी मुले दोन दिवसांतच कुरकुरू लागतात: “दादा, गोळी कधी झाडायची?” आठवडाभर मी ती झाडू देत नाही. हा हट्ट कशासाठी, असे तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मागच्या महिन्यात लालबागच्या एका मुलाने आपल्या फेरीचे रेकॉर्डिंग मला दाखवले. स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान घेऊन तो 4,000 मीटरवर व्यवस्थित पोहोचला होता, पण खाली धूर सोडत पळणारे एक विमान दिसताच त्याने सूर मारला. ते पडेना आणि हा सोडेना, असे करत दोघेही पार समुद्राला टेकले, वेग संपला, आणि वरून आलेल्या तिसऱ्याने याला एका फैरीत पाडले. “हा आला कुठून?” असे त्याने विचारले, तेव्हा मी रेकॉर्डिंग मागे नेले. तो तिसरा सुरुवातीपासून त्याच्या डोक्यावरच होता.

गोळी हाताशी असली की नवख्याची नजर समोरच्या शेपटीला चिकटते आणि उंची किती खर्च झाली याचे भानच राहत नाही. उंची आणि वेग ही एकाच खात्यातली शिल्लक आहे: ताशी 540 किलोमीटरने जाणाऱ्या विमानाने वेग निम्म्यावर आणत चढ घेतला, तर हवेचा रोध आणि इंजिनाचा जोर हिशेबात न धरता त्याला सुमारे 860 मीटर उंची परत मिळते. ससून डॉकवरची घार पाहा. ती मासळीवर झडप घालते आणि नेम चुकला तरी खाली न रेंगाळता त्याच वेगात वर जाते. मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान घेऊन स्पिटफायरशी गिरक्या घेत बसणाऱ्यांना मी तिचेच उदाहरण देतो. झीरो या जपानी लढाऊ विमानाची गोष्ट थोडी निराळी. कमी वेगात ते जवळपास कोणालाही वळणात गाठते, पण वेग फार वाढला की त्याचे एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलवणारे पंखांच्या मागच्या कडेचे पट्टे, जड होतात, म्हणून त्याच्यापासून सुटायचे तर सूर मारावा.

त्या आठवड्यात मुलांनी फक्त चढायचे, दर काही सेकंदांनी मागे पाहायचे आणि उंची, वेग व मागची खबर माईकवर मोठ्याने सांगायची. लालबागच्या घरात खोली एकच, त्यामुळे तिसऱ्या रात्री त्याच्या आईचा आवाज मलाही ऐकू आला: “अरे, मागे कोणी नाही, मागे कोणी नाही, हे कोणाला सांगतोयस?”

नेमबाजी त्यानंतर. तिथेही पहिला धडा जवळ जाण्याचाच असतो. 1940 साली ब्रिटनच्या लढाईत अनेक वैमानिकांनी आपल्या दोन्ही पंखांतल्या मशीनगनचा मारा 400 ऐवजी 250 यार्डांवर एकत्र येईल असा जुळवून घेतला होता. आठव्या दिवशी त्या मुलाला मी गोळीची परवानगी दिली, आणि पहिल्या फेरीत त्याची एकही गोळी लागली नाही. मात्र इंधन संपत आल्यावर तो विमान घेऊन धावपट्टीवर परत उतरला, जे त्याला आधी कधीच जमले नव्हते.