तुम्ही विचारलंत म्हणून: वडिलांनी एका पगारात घर घेतलं, तुम्ही दोघं कमावता, मग भाड्याने का?

लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही हे विचारून झालंय. विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं: मोबाईल, हॉटेलं, मुलीची इंग्रजी शाळा. बाबांचंही तेच मत. "आम्ही पोटाला चिमटा काढला." काढला, खरंच. पण चिमटा त्यांच्या कारखान्यातल्या कंत्राटी हमालानेही काढला होता. त्याचं घर झालं नाही. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावर कायम कामगार होते. युनियन, महागाई भत्ता, फंड, आणि वाशीत सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचं घर, हप्त्यांवर. मी महाप्यात एजन्सीमार्फत आहे. पगाराचा आकडा बाबांपेक्षा कितीतरी मोठा, पण करार वर्षाचा. बँक आकडा बघून हसते आणि करार बघून गप्प होते.

खरं उत्तर मला माझ्या घरमालकाकडे सापडलं. तो घणसोली गावातला आगरी. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं, त्यात त्याच्या आजोबांची भातशेती गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, जानेवारी 1984 मध्ये उरण परिसरात गोळीबारात पाच जण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. त्यातून मिळालेल्या भूखंडावर त्याची इमारत आहे, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी, अकरा महिन्यांच्या करारावर. बाबांचं घर आवाक्यात आलं त्यात अशाच कुणाच्या तरी शेताचा वाटा होता. आमच्याकडे हा विषय कधी निघाला नाही. काटकसरीचा रोज निघायचा.

गंमत म्हणजे घरमालकालाही वाटतं, बुडाला तो तोच. आजाला भात घरचं, मावरं खाडीतलं. नातवाला सगळं विकत, आणि पोराला नोकरी नाही. भाडं देताना आम्ही दोघं यावर वाद घालतो. भाडं मात्र मीच देतो.

"वाशीचं घर शेवटी तुलाच ना?" हा पुढचा प्रश्न. अर्धं बहिणीचं. शिवाय इमारत पुनर्विकासाला निघालीय. नव्या टॉवरचा मेंटेनन्स किती येईल ते बाबा सोसायटीत विचारून आले. त्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त.