रस्सा पिशवीत मिळणार नाही

आज मिसळीच्या दुकानात नवी पाटी दिसली: 'पार्सलला डबा आणा. रस्सा पिशवीत मिळणार नाही.' एक काका मालकावर असे तापले, जणू बंदी त्यानंच घातलीय! अहो, राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवरची ही बंदी २३ जून २०१८ पासून लागू आहे. पहिल्यांदा सापडलं तरी ५००० रुपये दंड. तेव्हा थोडे दिवस सगळेच कापडी पिशव्या मिरवत होते, मग पातळ पिशव्या हळूच परतल्या.

काका तणतणत समोरच्या गाडीवर गेले. तिथं उकळता रस्सा पिशवीत गाठ मारून मिळालाच! कायदा दोघांनाही एकच, पण बोलणी खायची ती पाळणाऱ्यानं. मागच्या आजींनी निमूट कडीचा डबा पुढे केला.

आणि हो, डबा नेला की मालक रस्सा सढळ हातानं घालतो.