ब्रेक बघा, गटाराची जाळीही बघा
आजच्या सायकल सुरक्षेच्या वर्गातलं पहिलं काम: ब्रेक दाबून बघणं. लिव्हर हँडलला टेकत असेल तर सायकल बाहेर काढायचीच नाही. केबल सैल झालेली असते, नाहीतर रबर झिजलेलं. त्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या की बदलायचंच. उभ्या गाड्यांपासून निदान १ मीटर लांब चालवा, दार कधीही उघडतं.

आणि ती गटाराची जाळी! फटी रस्त्याच्या दिशेने असल्या की पुढचं चाक आत रुततं आणि माणूस हँडलवरून थेट तोंडावर आपटतो. फटी आडव्या हव्यात, बस्स. फोटो, नेमकी जागा आणि फटीची रुंदी लिहून तक्रार द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. सायकल मार्ग मागताना नुसत्या रंगाच्या पट्ट्यावर समाधान मानू नका; सायकली आणि गाड्यांच्या मध्ये दुभाजक मागा.